आहे त्याच यंत्रावर ई-पुस्तकं : तुमचं कसं जमलं?

वाचनासाठी वेगळं यंत्र घ्यायचं नाही, आहे त्या फोनवर नाहीतर लॅपटॉपवरच भागवायचं, असं ठरवलेले इथे बरेच असतील. मुक्त सॉफ्टवेअर वापरून तुमचं कसं जमलं? ॲपची नुसती यादी नको. काय अडलं आणि कसं सुटलं, ते लिहा.

सुरुवात मीच करतो. माझा सगळा डोलारा कॅलिबर या ई-पुस्तकं सांभाळायच्या सॉफ्टवेअरवर उभा आहे. कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेलं हे विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. दिसायला बोजड, बटणंच बटणं. पण पुस्तक एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात न्यायचं, लेखकाचं नाव किंवा मुखपृष्ठ दुरुस्त करायचं, तर मला दुसरं काही लागत नाही. त्यातला कंटेंट सर्व्हर मी सर्वांत जास्त वापरतो. लॅपटॉपवर तो सुरू केला की त्याच वायफायवरच्या फोनच्या ब्राउझरमध्ये अख्खा संग्रह दिसतो आणि तिथेच वाचताही येतो. खटकतं ते एकच. मराठी पुस्तकांच्या फोल्डरना ते रोमन लिपीत नावं देतं, आणि ती हाताने बदलायची सोय नाही. बदलली की त्याला पुस्तक सापडेनासं होतं.

*

माझ्याकडे जुना अँड्रॉइड टॅब, आणि वाचायचं ते बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. पान पडद्यावर मावायचं नाही. मोठं केलं की प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवत बसा. कोरीडर या वाचनाच्या ॲपमध्ये रिफ्लो नावाची सोय मिळाली. पानावरच्या शब्दांची चित्रं कापून ती पडद्याच्या रुंदीप्रमाणे पुन्हा मांडली जातात, त्यामुळे स्कॅनसुद्धा मोठ्या अक्षरात वाचता येतं. कॉन्ट्रास्ट वाढवला की फिकट छपाईही उठून दिसते. तक्ते आणि तळटीपा आल्या की मात्र सगळा गोंधळ. तेवढ्यापुरता रिफ्लो बंद करते.

*

एवढा खटाटोप कशाला? विंडोजवर सुमात्रापीडीएफ. इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालतं, पीडीएफ, ईपब (ई-पुस्तकांचा नेहमीचा फॉरमॅट), कॉमिक्सच्या सीबीझेड फाइली उघडतं, कालचं पान लक्षात ठेवतं. मला एवढं पुरतं.

*

वरच्यांना पुरत असेल. मी पडदा पाहून वाचत नाही, ऐकतो. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा मोफत स्क्रीनरीडर आणि ईपबसाठी थोरियम रीडर, अशी माझी जोडी आहे. प्रकरणं नीट पाडलेली असतील तर शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारता येते, अनुक्रमणिकेतून हवं तिथे जाता येतं. स्कॅन पीडीएफ म्हणजे माझ्या दृष्टीने कोरा कागद. त्यावर आधी ओसीआर करावं लागतं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करावा लागतो. टेसरॅक्ट या ओसीआरच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीची सोय आहे, आणि ओसीआरमायपीडीएफ हे दुसरं सॉफ्टवेअर ते वापरून त्याच फाइलमध्ये मजकुराचा थर चढवतं. स्वच्छ छपाईत निकाल बरा येतो. डागाळलेल्या पानांवर जोडाक्षरांचे हाल होतात, पण कथा-कादंबरीत तेवढं संदर्भाने कळतं. कविता मात्र वाया जाते.

*

ऐकणाऱ्याची अडचण स्कॅनमध्येच होते असं नाही. माझ्याकडच्या एका ईपबमध्ये मजकूर छान दिसायचा, पण शोध घेतला की काहीच सापडायचं नाही. फॉन्ट बदलल्यावर तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. ईपब आतून झिप फाइलच असते, म्हणून उघडून पाहिली. आत नेहमीसारखी एचटीएमएलची पानं होती, पण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये मराठीच राहणाऱ्या पद्धतीत, नव्हता. जुन्या पद्धतीचा फॉन्ट सोबत जोडलेला होता आणि त्याच्या जोरावर ती मराठी दिसत होती. अशा पुस्तकाला ॲपमध्ये ‘पुस्तकातला फॉन्ट वापरा’ हा पर्याय चालू ठेवला की डोळ्यांनी वाचणाऱ्याचं काम होतं. ऐकणाऱ्याचं होत नाही. मजकूर फॉन्ट कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो. मी तसं केलं, मग कॅलिबरच्या एडिटरमध्ये पानं बदलून घेतली. रफार आणि पहिली वेलांटी बऱ्याच ठिकाणी सरकली होती, ती शोधा-बदला करून जागेवर आणली. अजून शेवटची दोन प्रकरणं तपासायची राहिली आहेत.