मदत हवी आहे: जुनी ऑक्टाव्हिया, १.८ पेट्रोल की २.० डिझेल?

नमस्कार मंडळी. मी टिळकवाडी, बेळगावचा. जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया घ्यायचं ठरलंय, घोडं अडलंय इंजिनावर.

पेट्रोल १.८ टीएसआय १८० पीएसची (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), डिझेल २.० टीडीआय १४३ची. पण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, बघा: पेट्रोलला २५०, डिझेलला ३२० न्यूटन मीटर. गोव्याच्या वाटेवर चोर्ला घाटाच्या चढाला ट्रकमागून बाहेर पडताना हाच टॉर्क कामी येतो. उलट कोल्हापूरच्या हायवेवर पेट्रोल जी पळते, ती मजा डिझेलला नाही. चालवून बघितली, तेव्हापासून झोप उडालीय!

खरी भीती गिअरबॉक्सची. पेट्रोलचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा, डिझेलचा सहा गिअरचा तेलातला. गावातल्या ट्रॅफिकमध्ये कोरडा क्लच लवकर तापतो, आणि मेकाट्रॉनिक (गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट) गेलं तर खिसा रिकामा. माझ्या मावसभावाचं तेच झालं, त्यामुळे घरात पेट्रोलचं नाव काढलं की बाबा हात जोडतात.

माझं रोजचं रनिंग जेमतेम १५ किलोमीटर, तेही गावात. महिन्यातून एकदा गोवा. एवढ्याशा फेऱ्यांनी डिझेलचा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीनं भरेल ना?

पेट्रोलवाली एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची आहे. एनओसी आणून केए २२ (बेळगाव पासिंग) करताना इथला रोड टॅक्स किती बसला, कुणी अलीकडे केलं असेल तर सांगा. आणि डीएसजी उघडणारा भरवशाचा मिस्त्री बेळगावात आहे, की हुबळीच गाठायची?