झाडकामवाल्यांना संघटना कशाला म्हणे!

मिरजेचा दोरवाला:
आम्ही झाडं छाटणारे संघटना काढतोय म्हटल्यावर काल इथं एकानं लिहिलं, "झाडं छाटणाऱ्यांची कसली संघटना? वर्गणी गोळा करणार नि फ्लेक्स लावणार. कोयता, दोर आणि अंगात दम असला की झालं." डोकंच फिरलं. याच धंद्यावर माझं घर चालतं.

दम आमच्यातल्या एका पोराकडं भरपूर होता. पावसाळ्याच्या तोंडाला रेन ट्रीवर चढला, कमरेला नायलॉनचा दोर, त्याचा फांदीला एकच वेढा. तीच फांदी फाटली. कंबर गेली पोराची. घरमालक म्हणाले, मी ठेकेदाराला काम दिलं. ठेकेदार म्हणाला, तो रोजंदारीवरचा. दवाखान्याचा खर्च आम्ही चढणाऱ्यांनी उचलला. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा सरकारी अपघात विमा मिळतो, त्याचा फॉर्म भरून घ्यायलासुद्धा कुणी नव्हतं.

आणि काम शिकवतंय कोण? जाड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग जरा पुढं वरून कापून पाडायची, राहिलेला खुंट बुडाच्या फुगीर वळ्याला धक्का न लावता काढायचा. वरून एकदमच कापली की साल खोडापर्यंत सोलत जाते. अमेरिकेत या धंदेवाल्यांची संघटना १९३८ पासून आहे. छाटणीचं ए-३०० मानक तीच सांभाळते.

हळदपेठ:
ते मीच लिहिलं होतं, आणि शब्द मागं घेणार नाही. अमेरिका राहू दे. २०२० ला मिरज तालुक्यातल्या भोसेचा जुना वड रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. तो वाचवला गावानं आणि झाडावर जीव असलेल्या माणसांनी. तिथं कुठली धंदेवाल्यांची संघटना आली होती? ठेकेदार एकत्र बसले की पहिला दर ठरवतात.

तासगावची सून:
दादा, द्राक्षवाल्यांकडं बघा की. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, काडीवर फुटव्याचे डोळे किती ठेवायचे, हे माझे सासरे बागायतदार संघाच्या चर्चासत्रांत शिकले. पण तिथं छाटणी चुकली की माल येत नाही, म्हणून माणूस शिकायला जातो. रस्त्यावरच्या गुलमोहराची छाटणी चुकली तर कुणाचं काय जातं?

विश्रामबागकर:
मुळाला कुणी हात घालेना. लाकूड! छाटणारा मजुरी मागत नाही, "लाकूड आमचं" म्हणतो. ते वजनावर वीटभट्टीला जातं. मग वाळक्या काटक्या झाडावरच आणि मांडीएवढ्या हिरव्या फांद्या टेम्पोत. आमच्या सोसायटीतली चिंच अशीच गेली. सकाळी कामावर निघालो तेव्हा सावली होती, संध्याकाळी नुसतं बोडकं खोड. आता झाडूसारखे फुटवे आलेत, वारं सुटलं की मोडून गाड्यांवर पडतात. शहरातली झाडं राखायच्या राज्याच्या १९७५ च्या कायद्यात झाडाला इजा करणंही तोडण्यातच धरलंय. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नाशीपुढचं झाड हेरिटेज. परवानगीचा कागद एकानं तरी मागितला का?

मिरजेचा दोरवाला:
फुकट कुणाला हवं असतं साहेब? मजुरी सांगितली की तुमच्यासारख्या सोसायट्याच म्हणतात, लाकूड ने, वर पैसे कशाला. आणि चोर आम्ही?

विश्रामबागकर:
चोर कुणाला म्हटलेलं नाही. पण भट्टीवाल्याकडून आधीच उचल घेतलेला ठेकेदार झाड बघेल की वजन?

मिरजेचा दोरवाला:
मी आजवर भट्टीचा एक रुपया उचललेला नाही. सगळ्यांना एका दावणीला बांधू नका!

कुपवाडचे अण्णा:
पोरांनो, दमानं. माझे वडील मार्केट यार्डात हमाल. आपल्या पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील लढले, १९६९ ला माथाडी कायदा आला, म्हणून म्हातारपणी वडिलांच्या हातात फंड पडला. पण ती पाठीवर पोतं घेणाऱ्यांची युनियन होती. तुमची ही संघटना ठेकेदारांची होणार. त्यात चढणाऱ्या पोराला मत आहे का?

मिरजेचा दोरवाला:
असलंच पाहिजे अण्णा. नाहीतर मीच पहिला बाहेर पडेन.

हळदपेठ:
अण्णांचं पटलं. चढणाऱ्याला मत, वर्गणीच्या आधी विमा, मजुरी रोख आणि लाकूड मालकाचं. एवढं संघटनेच्या घटनेत लिहिलंत तर विरोध करणार नाही. फ्लेक्सबद्दलचं मत तेच आहे.

विश्रामबागकर:
लाकूड मालकाचं, म्हणजे आमच्या सेक्रेटरीचं? मग तोच भट्टीला घालेल. वजनकाट्याची पावती नोटीस बोर्डावर लागली पाहिजे, हेही घटनेत घाला.