माउंटन लायन समोर आला तर वडिलांना काय सांगावे?

ओतूरकर:
आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या कूपर्टिनोत राहतो आणि ऑक्टोबरमध्ये माझे आईवडील प्रथमच इकडे येत आहेत. वडिलांचे सारे आयुष्य जुन्नर तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात गेल्याने बिबट्याचे त्यांना अप्रूप नाही, आणि पहाटे फिरायला जाण्याची सवय ते येथेही मोडणार नाहीत. जवळच्या रँचो सॅन अँटोनिओच्या टेकड्यांवर माउंटन लायनविषयी (मार्जारकुळातला इकडचा मोठा शिकारी प्राणी) इशाऱ्याची पाटी आहे. ती फोनवर वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "वाघ दिसला तर आपण वाट सोडायची, त्यात काय शिकायचे?" (बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात.) पाटी मात्र त्याच्याकडे तोंड करून उभे राहा, अंगावर आल्यास प्रतिकार करा, असे सांगते. सोबत माझी पाच वर्षांची मुलगीही असेल. नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पायवाट:
वाट सोडायची हे वडिलांचे म्हणणे चुकीचे नाही, कारण या प्राण्यालाही निसटायला जागा हवीच असते. फक्त ती पाठ फिरवून किंवा पळत सोडायची नाही. प्यूमा, कूगर आणि माउंटन लायन ही एकाच प्राण्याची नावे आहेत. नावात सिंह असला तरी त्याला डरकाळी फोडता येत नाही, तो मांजरासारखा गुरगुरतो. त्याचे मुख्य भक्ष्य हरीण, त्यामुळे पळणारी किंवा वाकलेली आकृती त्याला सावजासारखी वाटू शकते. म्हणून त्याच्यावरची नजर न हटवता ताठ उभे राहावे, जाकीट दोन्ही हातांनी डोक्यावर धरून आपला आकार वाढवावा, ठाम आवाजात ओरडावे आणि हळूहळू मागे सरकावे. मुलीला शक्यतो न वाकता उचलून घ्यावे. उसाच्या रानात वाकून काम करणाऱ्यावर बिबट्या झडप घालतो, हे वडिलांनी ऐकलेले असणारच. त्याच आधारावर त्यांना समजावले तर पाटीपेक्षा लवकर पटेल.

वाकू नये हे सांगायला सोपे, पण त्याच्यावर फेकायचा दगड तर जमिनीवरच असतो. २०२० मध्ये युटातील प्रोव्होजवळ एका धावपटूच्या मागे पिल्ले असलेली मादी सुमारे सहा मिनिटे लागली होती. तो उलट पावली चालत, ओरडत राहिला आणि अखेरीस त्याने दगड भिरकावल्यावर ती पळाली. ती शिकारीला नव्हे, तर त्याला पिल्लांपासून दूर घालवायला आली होती, असे जाणकारांचे मत पडले. वडिलांच्या हातात आधीच काठी असेल तर वाकण्याचा प्रश्नच उरत नाही.

सांताक्रूझवासी:
तुमच्या याच टेकड्यांवर फेब्रुवारी २०२० मध्ये, मोठी माणसे बरोबर असताना, सहा वर्षांच्या एका मुलीवर प्यूमाने झडप घातली होती. सोबतच्या एका प्रौढ व्यक्तीने त्याला ढकलून दूर केले आणि मुलगी किरकोळ जखमांवर बचावली. म्हणून नातीला पुढे धावू देऊ नका, हे मी सर्वांत आधी सांगेन. पहाटेचे म्हणाल, तर ही राखीव टेकडी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडते, त्यामुळे अंधारात तेथे जाणे नियमाबाहेरच आहे. तरीही झुंजुमुंजूची वेळ याच प्राण्याच्या हालचालीची असते. तासभर उशिरा निघालेले बरे.

मात्र भीती प्रमाणात असावी. कॅलिफोर्नियात २००४ नंतर प्यूमाच्या हल्ल्यात माणूस दगावल्याची घटना थेट मार्च २०२४ मध्ये, एल डोराडो काउंटीत घडली. मृत तरुण आणि सोबतचा त्याचा भाऊ अशा दोघांनी हात उंचावून, ओरडून त्याला हुसकावण्याचा प्रयत्न केला होता, असे कुटुंबीयांनी सांगितले. म्हणजे सारे नियम पाळले तरी हमी नाही.

ओतूरकर:
दोघांचेही आभार. काठीचे ऐकून वडील फारच खूष झाले. पण त्याने खरोखर झेप घेतलीच, तर वयस्कर माणसाने निपचित पडून राहावे का? आणि अस्वलासाठी मिळणारा मिरचीचा फवारा चालतो का?

पायवाट:
निपचित मुळीच पडू नये. मान आणि गळा जपत, हाती येईल त्याने त्याच्या तोंडावर आणि डोळ्यांवर मारत राहावे, आणि सोबत्याने बघत उभे राहू नये. २००७ मध्ये प्रेरी क्रीकच्या रेडवुड जंगलात प्यूमाने सत्तरीच्या एका गृहस्थांचे डोके जबड्यात धरले असता त्यांच्या पत्नीने आधी लाकडाच्या ओंडक्याने आणि मग नवऱ्याच्या खिशातल्या पेनाने त्याच्यावर वार केले. पेन वाकले, तरी बाईंनी ओंडका सोडला नाही आणि नवऱ्याचा जीव वाचला. तेव्हा हे सारे आईंनाही शिकवून ठेवा. फवारा प्यूमावरही उपयोगी पडतो, पण योसेमिटीसारख्या काही उद्यानांत तो बाळगण्यास मनाई आहे, म्हणून प्रत्येक ठिकाणचा नियम आधी पाहावा. काठीला कोणी हरकत घेणार नाही.