ऐरोलीतल्या फ्लॅटमध्ये दिव्याखाली पालेभाजी: टॉवर घेऊ का?

बिनउन्हाचा_माळी:
पहिला मजला, बाल्कनीवर समोरच्या बिल्डिंगची सावली. तुळससुद्धा जगत नाही. म्हणून हॉलच्या कोपऱ्यात एलईडीखाली हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात भाजी, करायचं डोक्यात आहे. 36 भोकांचा उभा टॉवर बघून ठेवलाय, मोटरसकट. घरात पालक, मेथी, लाल माठ लागतो. लेट्यूस कोणी खात नाही. घेऊ का? आणि लाईट बिलाचं काय?

कोलशेतकर:
जरा थांबा. मी तसलाच टॉवर घेतला होता. मे महिन्यात गावी गेलो आणि मागे मोटर बसली. परत आलो तर पाला हाताने चुरडत होता. टॉवरात मुळं हवेत लोंबतात, पाणी थांबलं की उकाड्यात काही तासांत खेळ खलास.

आधी झाकणाचा गडद टब घ्या. झाकणाला भोकं, त्यात जाळीचे कप, कपात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मुळांची टोकं पाण्यात. पाणी उतरत जातं तशी वरच्या मुळांना हवा मिळते, मोटर लागतच नाही. याला क्रॅट्की पद्धत म्हणतात. टब पारदर्शक नको, शेवाळ धरतं. आणि रिकामं भोक उघडं ठेवू नका, डासांची पैदास होईल.

पालक आत्ता उकाड्यात नकोच. पाणी तापलं की त्याची मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात. थंडीत बघा. माठ मात्र उकाड्यातला गडी. मेथीला हा खटाटोप कशाला? ट्रेमध्ये कोकोपीट पसरून दाट पेरा.

नेरुळची_मावशी:
40 वॉटचा दिवा 14 तास म्हणजे रोज 0.56 युनिट, महिन्याला साधारण 17. टायमर लावा, आपल्या लक्षात राहत नाही.

जांभळा दिवा घेऊ नका हो! आमचा हॉल लेडीज बार दिसायला लागला, सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी काढायला लावला. शिवाय त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं, तेच कळत नाही. साधा पांढरा 6500 केल्विनचा, पानांपासून वीतभर वर.

कोलशेतकर:
पाण्यात घालायचं खत ए आणि बी अशा दोन बाटल्यांत येतं, त्या एकमेकींत थेट ओतू नका. कॅल्शियमचा पांढरा साका बसतो, तो मुळांना मिळत नाही. आधी पाण्यात ए, ढवळा, मग बी. पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचं माप, 5.5 ते 6.5. धरणाचं पाणी चालतं. टँकरचं असेल तर आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा.

बिनउन्हाचा_माळी:
टॉवर रद्द. टब माळ्यावर पडलेलाच आहे. माठ उपटायचा की खुडायचा?

नेरुळची_मावशी:
खुडा. खाली दोन-तीन पेरं ठेवा, परत फुटतो.