प्रतिसाद: 4.5 आणि 3.6 मधलं अंतर

21 मार्च 2024 ला हिंगोलीकडचा भूकंपाचा पहिला धक्का 4.5 आणि दुसरा 3.6, म्हणजे दुसरा 'थोडाच हलका', असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय. हे बरोबर नाही. ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे. एका अंकाने लाटेची उंची 10 पट वाढते, ऊर्जा मात्र सुमारे 32 पट. 0.9 च्या फरकाचा हिशेब केला तर पहिल्या धक्क्याची ऊर्जा जवळपास 22 पट निघते!

'रिश्टर पट्टी जुनी झाली' हे त्या पोस्टमधलं म्हणणं मात्र मान्य. 1935 ची ती पट्टी दक्षिण कॅलिफोर्नियापुरती, एका ठरावीक यंत्रावर बेतलेली होती. साधारण 7 च्या पुढे तिचा आकडा वाढेनासा होतो. तिच्या जागी आता वापरतात त्या मोमेंट पट्टीत भेगेचं क्षेत्रफळ, खडक किती सरकला आणि खडकाची ताठरता यांचा गुणाकार धरतात, म्हणून मोठ्या भूकंपालाही ती पुरते.

आणि पुसद-उमरखेडच्या एका गावात भांडी वाजली, शेजारच्या गावात कळलंही नाही, म्हणून आकडा खोटा ठरत नाही. गावागणिक बदलते ती तीव्रता. ती मर्कॅली पट्टीवर मोजतात. अंतर तर आहेच, पण खोल काळ्या मातीवरचं घर मुरमावरच्या घरापेक्षा जास्त हलू शकतं. त्यामुळे धक्का कळवताना घर कशावर उभं आहे तेही लिहा.