कम्युनिटी कॉलेजातून बर्कली : खासगी कौन्सेलर घ्यावा का?

सनीवेलची_आई (ऑगस्ट)
मुलगा डी अँझा या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात आहे, आता दुसरं वर्ष सुरू होईल. जीपीए (ग्रेडची सरासरी) चारपैकी ३.७८. बारावीनंतर हव्या त्या सगळ्या यूसींकडून (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसकडून) नकार आले, तेव्हा घरात महिनाभर सुतक होतं. आता इकॉनॉमिक्ससाठी यूसी बर्कलीला ट्रान्सफर (थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश) करायचंय. घरापासून तासाभरावर, म्हणून मलाही तेच हवंय. अर्जाला मदत करणारा खासगी कौन्सेलर घ्यावा का? बजेट ३०० डॉलर, त्यावर छदाम नाही. मुलगा इथेच जन्मलेला, व्हिसाचा प्रश्न नाही.

प्लेझंटनकर
३०० मध्ये कुणी फोनसुद्धा उचलणार नाही. आम्ही साडेचार हजार मोजले. निबंध अकरा वेळा लिहून घेतले. मुलगी यूसीएलएला (यूसी लॉस एंजेलिस) लागली. पैसे वसूल.

टोणगा
डी अँझाची फी क्वार्टर (तिमाही सत्र) युनिटला ३१ डॉलर. ट्रान्सफरला ९० युनिट लागतात. गुणाकार करा आणि मग साडेचार हजारांकडे बघा.

प्लेझंटनकर
गुणाकार येतो मला. लागली ना मुलगी?

निवृत्त_काका
बर्कलीच का? स्टॅनफर्ड का नको? हल्लीच्या मुलांना जिद्दच नाही. १९७९ साली आम्ही सीओईपीची यादी बघायला सायकलवरून गेलो होतो, भर पावसात.

रेवा_डी
काका, स्टॅनफर्ड ट्रान्सफरला शंभरात दोनेक जण घेतं, वर शाळेचे मार्कही मागतं. यूसी ज्युनिअर (तिसऱ्या वर्षाच्या) ट्रान्सफरला कॉलेजचे ग्रेड बघते. एसएटी नाही, शिफारसपत्रं नाहीत.
ताई, मी याच वाटेने गेलेय. पैसे घालवू नका. असिस्ट डॉट ऑर्गवर कॉलेज, विद्यापीठ आणि मेजर (मुख्य विषय) निवडलं की कुठला कोर्स कशाच्या जागी धरतात ते समोरासमोर दिसतं. त्याचा प्रिंट काढून फ्रिजवर लावा. मी आगाऊपणा केला तो करू नका. क्वार्टरवाल्या कॉलेजात कॅल्क्युलसचे दोन भाग केले आणि उन्हाळ्यात उरकून टाकू म्हणून तिसरा घराजवळच्या सेमिस्टरवाल्या कॉलेजात घेतला. दोन्हीकडच्या भागांचे सांधे जुळेनात. मधले धडे कुठेच झाले नव्हते, आणि वर्ष गेलं.

टोणगा
असिस्टला +१. मी हेच सांगणार होतो.

फ्रीमाँटची_मावशी
मुलगा एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर २१ पूर्ण व्हायच्या आत स्टेटस बदलायला विसरू नका.

सनीवेलची_आई
नाहीये हो एच-४ वर. वर लिहिलंय.

फ्रीमाँटची_मावशी
वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

डेव्हिसवाला
टॅगबद्दल (ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी) कुणीच कसं बोललं नाही? अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी. डेव्हिस, आयर्विन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ, या यूसी कॅम्पसपैकी फक्त एकाच ठिकाणी भरता येतो. मुदत १ ते ३० सप्टेंबर. बर्कली, एलए आणि सॅन डिएगो यात नाहीत. डेव्हिस टाका. तिथल्या गाईगुरांचा वास आठवड्यात जातो.

रेवा_डी
वास जात नाही, नाक मरतं. पण टॅग भराच. आणि टॅग भरला तरी नेहमीचा अर्ज वेगळा भरावा लागतो, नोव्हेंबरअखेरपर्यंत. एकीने तो भरलाच नाही, हमी गेली पाण्यात.

प्लेझंटनकर
निबंध विसरू नका. चार लिहायचे, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. आमच्या कौन्सेलरने...

टोणगा
...साडेचार हजार घेतले. कळलं.

सनीवेलची_आई (ऑक्टोबर)
सगळ्यांचे आभार. कौन्सेलर घेतला नाही. कॉलेजातल्या फुकटच्या कौन्सेलरकडे पाऊण तास रांगेत उभा राहून मुलगाच असिस्टची यादी तपासून आला. एक स्टॅटिस्टिक्स राहिलं होतं, ते या क्वार्टरला घेतलं. टॅग आयर्विनला भरला, मला न विचारता. शिवाय यूसीएलए आणि सॅन डिएगो. बर्कली यादीतच नाही! का, विचारलं तर म्हणे, "आई, तासाभरावर असलो तर तू दर रविवारी डबा घेऊन येशील." मी काही बोलले नाही. कारण पुरणपोळ्या किती तास टिकतात याचा हिशोब माझा मनात झालेला होता.
अर्जाची फी एका कॅम्पसला ८० डॉलर, म्हणजे तिन्हींचे २४०. बजेटातच बसलं.

डेव्हिसवाला
आयर्विन?? डेव्हिस सोडून?

निवृत्त_काका
स्टॅनफर्डचं काय ठरलं मग?