कॉलेजचा वार्षिकांक छापण्याआधी शुद्धलेखन कसं तपासायचं?

नवा_संपादक:
मंडळी, वार्षिकांकाचा मराठी विभाग छापखान्यात जायचाय, ९६ पानं. लेख मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप होऊन आलेत, डीटीपीवाले ते श्रीलिपीत (जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत) घेतात. पहिल्या प्रुफात ‘विद्यार्थी’, ‘कार्यक्रम’ असे शब्दच फुटलेत. ह्रस्व-दीर्घ वेगळंच. सुरुवात कुठून करू?

खिळेजुळारी:
फुटलेले शब्द आधी. ते पाप लेखकांचं नाही, फाँटबदलाचं. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी अक्षरानंतर साठवतात, रफार आधी. जुन्या फाँटांत दिसतं तसं, म्हणजे नेमकं उलट. कन्व्हर्टर जोडाक्षराशी अडखळला की वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर. जमलं तर श्रीलिपी सोडाच. इनडिझाइनमध्ये (पानं लावायचं सॉफ्टवेअर) युनिकोड थेट घ्या, फक्त त्यातली ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर ही अक्षरं जुळवणारी सेटिंग चालू आहे ना ते बघा. नसेल तर जोडाक्षरं सुटून पाय मोडलेले दिसतात.

आणि पानं लागल्यावर वर्डच्या फाइलीत दुरुस्त्या करू नका, त्या छापून येत नाहीत.

उपान्त्य:
स्पेलचेकरला ‘स्वातंत्र्य दीन’ खटकत नाही, कारण ‘दीन’ हाही शब्दच. म्हणून दीन, उज्वल, महत्व, तत्व, हार्दीक, आशिर्वाद हे एकेक करून शोधा. हवं ते दिन, उज्ज्वल, महत्त्व, तत्त्व, हार्दिक, आशीर्वाद. ‘सगळे बदला’ मात्र दाबू नका, ‘दीनदयाळ’चा ‘दिनदयाळ’ होतो.

बाकी नेहमीचे यशस्वी कलाकार: कवी पण कविसंमेलन, बुद्धी पण बुद्धिमत्ता. गरीब-गरिबाला, फूल-फुलाला, पण तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या) शब्दाचं उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं अक्षर, दीर्घच राहतं, शरीर-शरीराला. ‘प्राचार्यांनी’मधला आदरार्थी अनुस्वार हमखास गळतो, आणि तोही प्राचार्यांच्याच पानावर!

वऱ्हाडी_ठेचा:
एक विनंती. कथेतले संवाद ‘शुद्ध’ करू नका. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहावी, निवेदन तेवढं नियमानुसार, हे साहित्य महामंडळाच्या नियमांतच आहे. ‘काऊन’चं ‘का’ केलंत तर कथा गेली.

खिळेजुळारी:
बरोबर. @नवा_संपादक, शेवटचं वाचन कागदावर, दोघांनी: एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रूफ बघायचं. लेखांपेक्षा मथळे, फोटोओळी आणि बक्षीसपात्रांची यादी जास्त दगा देतात, कारण ती सगळ्यात शेवटी येतात आणि कुणीच वाचत नाही. नावं हजेरीपटाशी ताडा, अनुक्रमणिकेतले पृष्ठांक प्रत्यक्ष पानाशी. मुखपृष्ठाचं प्रूफ वेगळं मागून घ्या, ते बहुधा दुसऱ्याच फाइलीत असतं.